नाला सर्वांचा, विमा ज्याचा त्याचा



मृग जवळ आला की आपण घरे शाकारतो, कौले परततो, बियाणे माळ्यावर चढवतो. याच दिवसांत गावाबाहेरच्या नाल्याची साफसफाई निघते आणि माणसे मोजकीच जमतात. घरोघरी जाताना आम्हांला दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणतो, “घराचा विमा काढला आहे, आता नाल्यात कशाला उतरू?” दुसरा म्हणतो, “जोते उंच बांधले, नाला साफ केला, मग विम्याला पैसे कशाला घालू?” दोघेही अर्धेच बोलतात. उरलेले अर्धे आज पाहू.

पाणी कोठून येते?

दमणगंगा नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीवर उगम पावते आणि सिल्वाशाजवळून वाहत दमणला समुद्राला मिळते. आपल्या वरच्या अंगाला मधुबन धरण आहे. ते मुख्यतः शेती, पिण्याचे पाणी व कारखाने यांसाठी बांधलेले आहे. पावसाळा संपताना ते भरलेले असावे लागते. त्यामुळे भरत आलेल्या धरणावर घाटमाथ्याचा मोठा पाऊस कोसळला, तर दरवाजे उघडावेच लागतात. आपल्याकडे ऊन पडलेले असतानाही नदी चढू शकते, ती यामुळे. २००४ च्या ऑगस्टमधील दमणगंगेचा पूर सिल्वासा, वापी व दमण येथील जुन्या लोकांना आठवतच असेल.

दुसरे पाणी आपल्याच शिवारातले. येथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व त्यातला बहुतेक चार महिन्यांतच पडतो. पूर्वी ते पाणी भातखाचरांत थांबे, मुरे, मग ओहोळाने सावकाश नदीला जाई. आता खाचरांवर मुरुमाची भर पडली, ओहोळाच्या जागी भिंती आल्या, मोऱ्यांत प्लॅस्टिक अडकले. पाण्याची वाट बुजवली तर पाणी दुसऱ्याच्या घरातून वाट काढते.

पहिल्या पुराला आपला नाला पुरा पडत नाही, हे मान्य करावे. दुसऱ्या पाण्याचा उपाय मात्र पुष्कळसा आपल्याच हातांत आहे.

विमा काय करतो?

विमा पाणी अडवीत नाही. नुकसान झाल्यावर ते भरून काढण्यास मदत करतो. १ एप्रिल २०२१ पासून देशातील विमा कंपन्यांनी घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाचा एकसारखा विमा द्यावा, असे विमा नियामक प्राधिकरणाने ठरवले. त्यात आग, भूकंप, वादळ यांबरोबर पूरही येतो. घराची रक्कम जमिनीच्या भावावर ठरत नाही, घर पुन्हा बांधण्याच्या खर्चावर ठरते. घराचा विमा पाच लाखांचा असेल, तर सर्वसाधारण घरसामानाला त्याच्या वीस टक्के, म्हणजे एक लाखाचे संरक्षण आपोआप मिळते. भाड्याच्या चाळीत राहणाऱ्याला केवळ सामानाचाही विमा घेता येतो.

गाय-बैल व उभे पीक यांत येत नाही. त्यांचे विमे वेगळे. घर कुडाचे किंवा गवताने शाकारलेले असेल तर ते तसेच अर्जात लिहावे आणि भरपाई मिळेल की नाही, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

दोहोंचा संबंध

अमेरिकेत १९६८ साली सरकारने पुराच्या विम्याची योजना सुरू केली. तिची अट अशी की, जे गाव पूररेषेतील बांधकामावर नियम घालील, त्याच गावच्या लोकांना हा विमा मिळेल. १९९० पासून आणखी एक पायरी आली. गावाने नाले राखले, नदीकाठ मोकळा ठेवला, लोकांना वेळीच सूचना दिल्या, तर त्या कामाला गुण मिळतात आणि गावातील विमेदारांचा हप्ता पाच टक्क्यांपासून पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतो. कॅलिफोर्नियातील रोझव्हिल हे गाव सर्वांत वरच्या वर्गात पोहोचणारे पहिले.

आपल्याकडे गावाच्या कामाबद्दल अशी सूट देणारी योजना नाही. मग नाल्यात उतरून काय मिळाले? चिपळूणकडे पाहा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने ते शहर बुडाले. त्यानंतर नागरिकांनी बचाव समितीच्या रूपाने एकत्र येऊन नदीतला गाळ काढण्याची मागणी लावून धरली आणि गाळ काढण्याचे काम सुरू झाले. ज्यांचे विमे होते तेही त्यात होते. कारण विमा भांड्यांचे पैसे देईल, परंतु भिजलेले बियाणे पेरणीच्या दिवशी परत आणून देणार नाही. मुलांच्या शाळेचे दाखले, आजारी म्हातारीचे हाल, बुडालेली मजुरी, यांची भरपाई कोणत्या कागदावर मागणार?

आणखी एक गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. विमा ज्याने हप्ता भरला त्यालाच मिळतो. मोकळा नाला मात्र हप्ता भरू न शकणाऱ्या विधवेचे घरही वाचवतो. ज्याने विम्याच्या भरवशावर आपल्या शेतातला ओहोळ बुजवला, त्याचे स्वतःचे नुकसान कदाचित भरून येईल. खालच्या वाडीतल्या शेजाऱ्याचे कोण भरून देणार? म्हणून आधी नाला, मग विमा. ज्याला झेपेल त्याने दोन्ही.

पावसाआधी करावयाची कामे

१. वाडीतील प्रत्येक घरातून एक माणूस, दोन सकाळी. मोऱ्या व ओहोळ मोकळे करावे. काढलेला गाळ काठावर ठेवू नये, पहिल्याच सरीला तो परत आत जातो.

२. ओहोळावर भर घातलेली दिसल्यास भांडण न करता ग्रामपंचायतीत सर्वांच्या सह्यांचा अर्ज द्यावा.

३. घराचे व सामानाचे फोटो काढून ठेवावे. पॉलिसी, घरपट्टीची पावती व दाखले प्लॅस्टिकच्या पिशवीत उंच जागी ठेवावे.

४. पाणी शिरल्यास विमा कंपनीला ताबडतोब कळवावे व तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. सर्व्हेअर येण्याआधी सामान फेकू नये. भिजून कुजलेले धान्य मात्र फोटो काढून, वजन करून वेगळे ठेवावे. ते खाऊ नये, गुरांनाही घालू नये.

५. पूर ओसरल्यावर विहिरीत क्लोरीन टाकेपर्यंत पाणी उकळूनच प्यावे. पायाला जखम असल्यास चिखलात उतरू नये. ताप आल्यास अंगावर न काढता दवाखाना गाठावा.

पुढच्या वेळी विम्याचा कागद हातात घ्याल, तेव्हा घराच्या खालच्या अंगाला कोण राहते हेही एकदा आठवावे, आणि फावडे घेऊन नाल्यावर यावे. आम्हीही येऊ.