यंदा दसरा १८ दिवस उशिरा

गेल्या वर्षी दसरा २ ऑक्टोबरला होता, यंदा तो २० ऑक्टोबरला आहे. मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येऊन गेला आणि पुढचे सगळे सण लांबले. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. कपाशी-सोयाबीनला या फरकाचं काही सोयरसुतक नाही, झेंडूला मात्र आहे. फुलाचं पीक हवामानावर वाढतं आणि तिथीवर विकलं जातं. गेल्या वर्षीची वही उघडून ज्यांनी जुलैच्या मध्यावर रोपं लावली, त्यांचा प्लॉट आत्ताच भरात आहे. दसऱ्यापर्यंत त्याचं फूल बारीक पडायला लागेल. ज्यांनी पंचांग बघून १० ते २० ऑगस्टच्या दरम्यान लागवड केली, त्यांची झाडं सध्या महिना-सव्वा महिन्याची आहेत आणि तीच खरी दसऱ्याची झाडं.

आधी या झाडांचं बघू. आफ्रिकन झेंडू लागवडीनंतर साधारण ५० ते ६० दिवसांत फुलू लागतो. शेंडा खुडला तर फांद्या वाढतात, फुलांची संख्या वाढते, पण पहिलं फूल आठ-दहा दिवस मागे जातं. म्हणून दसऱ्याच्या प्लॉटात शेंडा खुडायचा राहिला असेल तर तो आता राहू द्या. फांद्या कमी मिळतील, पण फूल वेळेवर मिळेल, आणि दसऱ्याच्या झेंडूत वेळेला जास्त मोल आहे. दिवाळीसाठी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात लावलेल्या झाडांचा शेंडा महिनाअखेरीपर्यंत खुडून घ्या. कात्री लागत नाही. अंगठ्याच्या नखाने वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा कोवळा शेंडा मोडायचा, खाली पानांच्या चार-पाच जोड्या राहिल्या पाहिजेत. मोडताना नख सहज गेलं तर वेळ बरोबर आहे. शेंडा चिवट लागला, सालपट ओढलं गेलं, तर उशीर झाला असं समजून पुढे चला.

ज्यांची लागवडच राहिली आहे त्यांनी आता उंच आफ्रिकन झेंडूच्या मागे लागू नये. मखमली, म्हणजे फ्रेंच झेंडू, बुटका असतो आणि लवकर फुलतो. तयार रोपं मिळाली तर या आठवड्यात ३० बाय ३० सेंटिमीटरवर लावून टाका, दिवाळीच्या पूजेला फूल येईल. वजनात तो आफ्रिकनपुढे टिकत नाही, पण हारवाले कडेला लावायला तोच मागतात.

जुलैच्या प्लॉटाचंही सगळं संपलेलं नाही. पिकलेलं फूल झाडावर ठेवू नका. फूल सुकून बी धरायला लागलं की झाड फुलण्यातून अंग काढून घेतं. गणपतीत जो भाव मिळेल त्याला विका, उरलेली जुनी फुलं तोडून बांधावर टाका, हलकी खुरपणी करा आणि नत्राचा छोटा हप्ता द्या. फुटव्यांवर नव्या कळ्या येतील. मोठं फूल मिळणार नाही, पण नवरात्रात देवीला वाहायला सुटं फूल लागतं आणि तिथे आकार कोणी मोजत नाही.

नवरात्राचा मुद्दा आपल्या जालना जिल्ह्यात जास्त महत्त्वाचा आहे. अंबडला मत्स्योदरी देवीची यात्रा नऊ दिवस चालते, राजूरच्या गणपतीला चतुर्थीची गर्दी बारा महिने असते. सगळे शेतकरी दसऱ्याच्या आदल्या दिवसावर डोळा ठेवून बसतात. त्या एका दिवशी चहूबाजूंनी टेम्पो बाजारात येतात आणि दुपारनंतर फूल रस्त्याच्या कडेला ओतून लोक घरी जातात. हे चित्र दर दोन-तीन वर्षांनी दिसतं, तरी लागवड एकाच दिवशी होते. माझं मत सरळ आहे: ज्याचं जवळचं गिऱ्हाईक ठरलेलं नाही, त्याने झेंडू दहा गुंठ्यांच्या वर नेऊ नये, आणि तोही दोन-तीन तुकड्यांत, आठ-दहा दिवसांच्या अंतराने लावावा. उरलेल्या जागेत शेवंती, गलांडा, ॲस्टर घ्यावा.

शेवंती हे दिवस लहान होण्यावर फुलणारं झाड आहे. रात्र मोठी होऊ लागली की तिला कळी धरण्याचा इशारा मिळतो. २३ सप्टेंबरच्या आसपास दिवस-रात्र समसमान होतात आणि पुढे रात्र वाढत जाते. मे-जूनमध्ये काश्या लावलेली शेवंती आता कळीला येईल आणि ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरपर्यंत, म्हणजे दिवाळी ते मार्गशीर्षातले गुरुवार, फूल देईल. यात एक गोष्ट हमखास दुर्लक्षित राहते. विहिरीवर किंवा गोठ्याजवळ रात्रभर जळणारा दिवा असेल, तर त्याच्या उजेडातली शेवंतीची ओळ हिरवीगार राहते, वाढते, पण कळी धरत नाही. झाडाच्या हिशोबाने तिथे रात्र झालेलीच नसते. शेतकरी खत बदलतात, औषध मारतात, दुकानदाराशी भांडतात. आधी दिवा बघा. त्याचं तोंड फिरवा किंवा आडोसा लावा, निदान कळी धरेपर्यंत तरी. पांढरी-पिवळी रेवडी, राजा, झिप्री, सोनाली तारा, सगळ्यांना हा नियम सारखाच लागू आहे. व्यापारी लोक तर याच गुणाचा उलटा वापर करतात: पॉलिहाऊसमध्ये रात्री दिवे लावून शेवंती थोपवून धरतात आणि हव्या त्या तारखेला फुलवतात.

शेवंतीला दुसरा धोका पाण्याचा. गेल्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला तो कोणी विसरलेलं नाही. गोदाकाठची अंबड-घनसावंगीची काळी जमीन एकदा भरली की आठवडाभर वाफसा येत नाही, आणि शेवंतीची मुळं दोन दिवसांतच गुदमरतात. भोकरदन-जाफराबादकडच्या मुरमाड, उताराच्या रानात ती जास्त निर्धास्त असते. काळ्या रानात लावलीच असेल तर दर चार-पाच ओळींमागे एक चर आत्ताच काढून ठेवा, पाऊस आल्यावर कुदळ घेऊन धावण्यात अर्थ नाही. झाडाला मातीची भर द्या. एखादं झाड दुपारी माना टाकत असेल, खोडाशी काळं पडत असेल, तर ते उपटून लांब टाका आणि शेजारच्या झाडांना ट्रायकोडर्मा, लिटरला ५ ग्रॅम, बुडाशी ओता.

गलांडा आणि ॲस्टर थोडक्यात सांगतो. गलांडा हलक्या रानातला, पाण्याचा फार लाड नसलेला, सुट्या फुलांचा गडी. भाव कधी डोळे दिपवत नाही, पण तोडा बरेच महिने चालू राहतो. ॲस्टरमध्ये पुण्याच्या गणेशखिंड केंद्रातून आलेले फुले गणेश व्हाईट, पिंक, व्हायोलेट आणि पर्पल हे वाण चांगले आहेत. रंग पाहून निवडा, कारण फुलवाला जांभळ्याला वेगळा भाव देतो. निशिगंध ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांना या दिवसांत दांड्यांचं भरपूर उत्पन्न मिळतं, नवी लागवड मात्र या हंगामात नको.

किडींमध्ये सध्या लक्ष ठेवायची ती फुलकिड्यांवर आणि उघडीप पडली की लाल कोळ्यावर. झेंडूचं पान उलटं करून उन्हाकडे धरा. बारीक जाळं आणि मिठाएवढे तांबडे ठिपके हलताना दिसले की कोळी आला. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी ऊन वाढण्याआधी फवारा. फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे आणि ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळी, १०० लिटर पाणी) सुरुवातीला पुरतो. पानावर करप्याचे ठिपके वाढत असतील तर मॅन्कोझेब लिटरला २.५ ग्रॅम. तोडणी सुरू झाली की रासायनिक फवारणी थांबवा. हे फूल लहान मुलं हाताळतात, बायका मांडीवर घेऊन माळा ओवतात, आणि निर्माल्य गुरांपुढे जातं. शंका असेल तर पानं-फुलं पिशवीत घालून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, फोटोवरून रोग ओळखण्याचा धंदा महागात पडतो.

तोडणी दव उडाल्यावर करा. ओलं फूल गोणीत भरलं की आतून तापतं आणि सकाळपर्यंत पाकळ्या काळ्या पडतात. झेंडू पूर्ण उमललेला तोडायचा, देठ बोटाच्या पेराएवढं ठेवून. कॅरेट असेल तर गोणीचं नाव काढू नका. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला आहे, त्यामुळे संध्याकाळी तोडलेला माल रात्रीतून दादरच्या फूल मंडईत पोहोचवणं आता जमण्यासारखं आहे. पण दोन-तीन क्विंटलसाठी एकट्याने जाऊ नका, डिझेल आणि टोलच नफा खाऊन टाकतील. चार-पाच घरांनी मिळून एक पिकअप भरा.

बियाण्याबद्दल जालनेकरांना सांगायची तशी गरज नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि तेव्हापासून या भागातल्या कित्येक घरांत नर-मादी ओळी, क्रॉसिंग आणि परागकण हे रोजचे शब्द झाले. तरीही दसऱ्यानंतर संकरित झेंडूची सुकलेली फुलं चोळून बी ठेवणारे दिसतातच. पुढच्या वर्षी त्याच शेतात एक झाड गुडघ्याएवढं, एक कमरेएवढं, एकाचं फूल एकेरी. बी ठेवायचंच असेल तर पुसा नारंगी, पुसा बसंती अशा सरळ वाणाचं ठेवा.

झेंडूचं आणखी एक काम आहे, ते टोमॅटोवाल्यांसाठी. टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ, झेंडूचं रोप ४५ दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं, ही बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची जुनी शिफारस आहे. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी घालायला आधी फुललेल्या झेंडूवर जातो. तिथली फुलं तोडून अळ्यांसकट नष्ट केली तर टोमॅटोवरची निम्मी चिंता हटते. तोडली नाहीत तर आपण अळीचं पाळणाघर चालवतो आहोत. झेंडूचं झाड मूळचं मेक्सिकोचं. तिकडे १ आणि २ नोव्हेंबरला पितरांसाठी घराच्या उंबऱ्यापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. आपली दिवाळी यंदा त्यानंतर आठवड्याने आहे.

बाजाराचं बोलून झालं, आता परसाचं. फुलशेती न करणाऱ्यांच्याही दारात या दिवसांत पारिजातक आणि गोकर्ण असायला हवी. कुंपणाला तरवड ठेवा. पाणी मागत नाही, शेळी तोंड लावत नाही, आणि नवरात्रात घटावर त्याच्या पिवळ्या फुलांची माळ चढते. बांधावर कारळ पेरलं असेल तर ते याच सुमारास फुलतं. घटाला माळ होते आणि मधमाश्याही येतात. आता बांधावरचं कारळ दिसेनासं झालं आहे, आणि सोयाबीनची एक जास्त ओळ निघाली म्हणून कोणी श्रीमंत झाल्याचं ऐकलेलं नाही. आपट्याचं मात्र रोप लावा, फांदी तोडू नका. दसऱ्याला बाजारात आपटा म्हणून जे विकलं जातं त्यात बरंचसं कांचनाचं पान असतं आणि उरलेलं माळरानावरची झाडं ओरबाडून आणलेलं.

मोसंबीच्या कोवळ्या बागेत, तीन-चार वर्षांची झाडं होईपर्यंत, दोन ओळींमध्ये झेंडू घ्यायला हरकत नाही. मुळांमधून सुटणाऱ्या द्रव्यामुळे जमिनीतले सूत्रकृमीही कमी होतात. बहार धरलेल्या बागेत मात्र शेवंती घालू नका. आंबे बहारासाठी डिसेंबरच्या आसपास झाडांना ताण द्यावा लागतो, आणि शेवंतीला तेव्हा पाणी हवं असतं. शेवंतीसाठी सोडलेलं पाणी मोसंबीचा ताण मोडतं, मग जानेवारीत फूल विरळ निघतं आणि दोष हवामानाला दिला जातो.

दिवाळी आटोपली की झेंडूची झाडं उपटून बांधावर वाळवू नका, हिरवी असतानाच रोटाव्हेटरने जमिनीत गाडा. शेवंती फुलात असतानाच उत्तम झाडांना, ज्यांचं फूल भरदार आणि पान निरोगी आहे अशांना, लाल दोरा बांधून ठेवा, कारण छाटणी झाल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात. फुलं संपली की तीच झाडं जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटा आणि हलकं पाणी देत राहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बुडातून ज्या काश्या फुटतील, त्या पुढच्या लागवडीच्या.