मी हाव ना जागा

आजचा शास्त्रभाग: फिलिप्पैकरांस पत्र 4:6-7



माझं गाव झरी जामणी तालुक्यात आहे. काळी जमीन, कापूस, तूर, आणि शिवाराला लागून जंगल. पीक उभं राहिलं की रानडुकरं आणि रोही एका रात्रीत शेताचा नाश करतात, म्हणून लोक जागलीला जातात. दहा वर्षांचा असताना मी हट्टाने बाबांबरोबर गेलो. मचाणावर आडवा झालो, पण झोप कुठली! पाचोळा वाजला की वाटायचं, वाघच आला. शेवटी विचारलं, "बाबा, वाघ नाही ना येणार?"

बाबा "नाही येणार" असं म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "तू झोप बाबू. मी हाव ना जागा." आणि मला खरंच झोप लागली.

हे सगळं गेल्या हिवाळ्यात आठवलं. आईच्या मानेत गाठ निघाली. नागपूरला बायोप्सी झाली, रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. मी पुण्यात, रात्री दोन वाजता त्या आजाराबद्दल गूगल करत बसलेला. ऑन-कॉल नसतानाही जागा! प्रार्थना करत होतो, पण खरं सांगू? ती प्रार्थना कमी आणि देवाला दिलेली डेडलाइन जास्त होती.

त्याच आठवड्यात हा शास्त्रभाग समोर आला. पौल हे पत्र बंदिवासातून लिहितो. पहिल्या अध्यायात तो स्वतःच्या बेड्यांबद्दल बोलतो. आपण जगणार की मरणार, हेही त्याच्यासाठी नक्की नाही. असा माणूस म्हणतो, चिंता करू नका. सगळं देवाला सांगा, आभार मानत सांगा.

आता पुढचं वचन नीट बघा. "मागाल तसंच होईल" असं तिथे लिहिलेलं नाही. देवाची शांती तुमचं मन आणि तुमचे विचार राखील, असं अभिवचन आहे. इथला मूळ ग्रीक शब्द शिपायांच्या पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत, तिथे निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेलं. पहारा म्हणजे काय, हे त्या लोकांना समजावून सांगायची गरजच नव्हती. आणि याच शहराच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकलेले असताना, पौल आणि सीला मध्यरात्री गाणी गात होते (प्रेषितांची कृत्ये 16).

आपल्याकडेही शेताची राखण म्हणतातच की! राखणदार असला म्हणून जंगलातली जनावरं संपत नाहीत. पण शेत एकटं नसतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य आठवा. 1874 च्या सुमारास दुष्काळात काही महिन्यांत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. पुढे भाऊ गेला. 1882 मध्ये कॉलऱ्याने पती गेले, तेव्हा लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतरही दुःख थांबलं नाही. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. तरी केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. विश्वासामुळे संकटं टळतात, असं त्यांचं जीवन सांगत नाही. संकटातही माणूस राखला जातो, हे मात्र सांगतं.

आईचा रिपोर्ट आला. तो चांगला नव्हता. उपचार अजून चालू आहेत आणि मला आजही भीती वाटते. पण रिपोर्टच्या आदल्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपलो होतो. "प्रभू, मला कळत नाही, पण तू जागा आहेस," एवढंच म्हटलं होतं. आपला राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही, असं स्तोत्र 121 सांगतं. मग दोघांनी कशाला जागायचं?

आज रात्री हे करून बघा:
1. भीतीला नाव द्या. "टेन्शन आहे" असं मोघम नको. नेमकं काय, ते देवाला सांगा.
2. आजच्या दिवसातल्या एका गोष्टीसाठी आभार माना.
3. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि झोपा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, वादळात तू नावेत होतास, आजही आमच्याजवळ आहेस. जे आज रिपोर्टची, निकालाची किंवा फोनची वाट बघत जागे आहेत, त्यांची मनं तू राख. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.