माजी सैनिकांची आरोग्यसेवा : मूल्यमापन कोठून सुरू करावे ?

शासकीय योजनेचे यश मोजण्याच्या दोन रीती आहेत. पहिली कार्यालयातून मोजण्याची आणि दुसरी लाभार्थ्याच्या उंबरठ्यावरून मोजण्याची. किती दवाखाने उघडले, किती ओळखपत्रे दिली, किती निधी खर्च झाला हे पहिल्या रीतीने कळते. आजारी माणसाला औषध वेळेवर मिळाले किंवा नाही, हे मात्र दुसऱ्या रीतीनेच कळते. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे उदाहरण घेऊन या दोन रीतींचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

योजनेचे स्वरूप

सामान्य जवान चाळिशीच्या आसपास सेवानिवृत्त होतो. त्यानंतरचे त्याचे दीर्घ आयुष्य गावीच जाते. पूर्वी त्याला उपचारासाठी मुख्यतः लष्करी रुग्णालयांवर अवलंबून राहावे लागे आणि अशी रुग्णालये छावणीच्या गावीच असत. ही उणीव भरून काढण्यासाठी १ एप्रिल २००३ पासून केंद्र शासनाने माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच 'ईसीएचएस', सुरू केली. निवृत्तिवेतनधारकाने एकदाच अंशदान भरावयाचे आणि त्याला, त्याच्या पत्नीला व अवलंबितांना उपचार मिळावयाचे, असे तिचे सूत्र आहे. नेहमीचा औषधोपचार योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये होतो. मोठ्या आजारासाठी तेथून शिफारसपत्र घेऊन लष्करी किंवा सूचीबद्ध खाजगी रुग्णालयात जाता येते.

आरंभी २२७ पॉलिक्लिनिके मंजूर झाली. त्यांपैकी १०४ लष्करी ठाण्यांच्या गावी व १२३ अन्यत्र होती. २०१० मध्ये आणखी १९९ मंजूर झाली. हा विस्तार निश्चितच मोठा आहे. परंतु पॉलिक्लिनिक मंजूर करताना त्या भागातील माजी सैनिकांची संख्या विचारात घेतली जाते. जेथे ते विरळ आहेत, तेथे सेवा दूर राहते. संख्येच्या हिशेबात हे योग्य असले, तरी एकट्या रुग्णाला संख्येचा आधार नसतो.

शनवाऱ्यातून पाहिले असता

बऱ्हाणपूर शहराचा शनवारा भाग डोळ्यांपुढे आणावा. १५ ऑगस्ट २००३ रोजी, म्हणजे ही योजना सुरू झाली त्याच वर्षी, खंडव्यापासून वेगळा होऊन बऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. महूची लष्करी छावणी येथून रस्त्याने दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. महाराष्ट्रातील भुसावळ रेल्वेने त्या मानाने पुष्कळ जवळ पडते. योजना केंद्राची असल्यामुळे राज्याची सीमा उपचाराच्या आड येत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मात्र राज्य शासनाच्या यंत्रणेचा भाग आहे. त्यामुळे सीमेवरील कुटुंबाला कोणत्या कामासाठी कोठे जावयाचे, हे आधी समजून घ्यावे लागते.

समजा, येथे एक सत्तर वर्षांची सैनिकपत्नी राहते. पती हयात नाही. तिला मधुमेह आहे व डोळ्यांनी कमी दिसते. औषध विनामूल्य मिळत असले, तरी ते आणण्यासाठी तिला सोबत लागते आणि सोबतीला येणाऱ्या मुलाची त्या दिवसाची मजुरी बुडते. एवढे करून औषध शिल्लक नसल्याचे कळले, तर पुढच्या महिन्यात ती जाईल काय ? बहुधा ती गोळी एक दिवसाआड घेऊ लागेल. नोंदवहीत ती 'लाभार्थी' असेल, पण तिचा आजार वाढतच जाईल.

आकड्यांविषयी सावधगिरी

आकडे फसवे कसे ठरतात, हे अमेरिकेत २०१४ मध्ये दिसून आले. फिनिक्स शहरातील माजी सैनिकांच्या रुग्णालयात कागदोपत्री प्रतीक्षेचा काळ अल्प दिसत होता. प्रत्यक्षात अनेक रुग्ण अधिकृत यादीबाहेर ताटकळत होते. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने ४० मैलांहून दूर राहणाऱ्या किंवा ३० दिवसांहून अधिक काळ थांबावे लागणाऱ्या माजी सैनिकास बाहेरील उपचाराची मुभा दिली. पुढे २०१९ पासून मैलांऐवजी प्रवासाचा वेळ हे माप धरण्यात आले. रुग्णाला अंतर मैलांत जाणवत नाही, वेळेत जाणवते, हे त्यातून मान्य झाले. आपल्याकडेही भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात या योजनेची स्वतंत्र तपासणी केली. अशी तपासणी म्हणजे दोषारोप नव्हे. ती सुधारणेची पहिली पायरी होय.

विचारावयाचे पाच प्रश्न

(१) घरापासून दवाखान्यापर्यंत जाऊन परत येण्यास किती तास व किती रुपये लागतात ?
(२) लिहून दिलेल्या औषधांपैकी किती त्याच दिवशी मिळाली ?
(३) शिफारसपत्र मिळाल्यापासून प्रत्यक्ष उपचारापर्यंत किती दिवस गेले ?
(४) तातडीच्या प्रसंगी काय करावयाचे, हे घरातील माणसांना ठाऊक आहे काय ? अशा वेळी जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जाता येते. मात्र दोन दिवसांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. रुग्णालय सूचीबद्ध नसल्यास खर्च आधी स्वतः करून नंतर मान्य दराने परत मागावा लागतो. यास्तव सर्व पावत्या जपून ठेवाव्यात.
(५) योजनेबाहेर कोण राहिले ? निवृत्तिवेतन नसलेल्या गरजू माजी सैनिकांस उपचारासाठी केंद्रीय सैनिक मंडळाकडून साहाय्य मिळू शकते व त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करता येतो. ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे काय ?

हे प्रश्न विचारण्यास मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. शिक्षकांनी वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून गावातील माजी सैनिक व वीरपत्नी यांच्या घरी जाऊन, त्यांच्या संमतीने, ही माहिती लिहून घ्यावी. आजाराचा तपशील गुप्त ठेवावा. ग्रामपंचायतीने अगर नगरपालिकेने ती एकत्र करून सैनिक कल्याण कार्यालयास सादर करावी. अधिकाऱ्यांनी सरासरीवर समाधान न मानता सर्वांत दूरचे घर प्रथम पाहावे. कारण सरासरी उत्तम असूनही शेवटचे घर उपाशी राहू शकते.

दर वर्षी ७ डिसेंबरला आपण सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतो व निधीस हातभार लावतो. त्याच दिवशी आपल्या वस्तीतील माजी सैनिकाच्या घरी जाऊन 'आपले औषध वेळेवर मिळते ना ?' एवढे विचारावे. योजनेचे खरे मूल्यमापन या प्रश्नापासूनच सुरू होते.