एका पानातील तीन भाषा आणि मजकूर-संपादकाची स्वयंपूर्ती

एखाद्या ग्रामपंचायतीच्या अथवा शाळेच्या संकेतस्थळाचे पान पडद्यावर एकसंध दिसते. त्यामागील फाइल उघडली की मात्र निराळे चित्र समोर येते. मथळा, परिच्छेद व तक्ते कोठे आहेत हे एचटीएमएल ही खुणांची भाषा सांगते. अक्षरांचा आकार, रंग आणि समास यांची व्यवस्था सीएसएसकडे असते. तिची पहिली आवृत्ती १९९६ साली प्रमाणित झाली. बटण दाबल्यावर काय घडावे, हे १९९५ मध्ये निर्माण झालेली जावास्क्रिप्ट ठरविते. बहुधा या तिन्ही भाषा एकाच फाइलीत, एकमेकींच्या पोटात नांदत असतात, आणि प्रत्येकीचे व्याकरण वेगळे असते. मथळ्याची शेवटची खूण लिहावयाची राहिली तर खालचा सारा मजकूर मथळ्यासारखा ठळक होऊन बसतो. नवशिक्या विद्यार्थ्याचा तास अशी एक खूण शोधण्यात सहज संपतो.

हे श्रम वाचविण्यासाठी मजकूर-संपादकात स्वयंपूर्तीची सोय असते. (येथे संपादक म्हणजे माणूस नव्हे, तर संगणकीय मजकूर लिहिण्याची आज्ञावली.) पहिली दोन-तीन अक्षरे लिहिताच संभाव्य शब्दांची यादी कर्सरखाली उघडते आणि त्यातून हवा तो शब्द निवडावयाचा असतो. एकाच भाषेच्या फाइलीत हे काम सोपे आहे. मिश्र फाइलीत मात्र कर्सर या क्षणी कोणत्या भाषेच्या हद्दीत उभा आहे, हे संपादकाला आधी ओळखावे लागते.

पूर्वी प्रत्येक संपादकाला प्रत्येक भाषा स्वतंत्रपणे शिकवावी लागत असे. जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट व कोडेन्व्ही या संस्थांनी ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ हा समान संकेत जाहीर केला. भाषेची जाण असलेली आज्ञावली वेगळी ठेवावयाची आणि कोणत्याही संपादकाने तिला ठराविक पद्धतीने प्रश्न विचारावयाचा, अशी त्याची योजना आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या विनामूल्य मिळणाऱ्या संपादकात मिश्र फाइलीसाठी योजलेली युक्ती मोठी साधी व चतुर आहे. कर्सर ‘स्टाइल’ या खुणेच्या आत असेल, तर संपूर्ण फाइलीची एक अदृश्य प्रत तयार होते. तिच्यातील सीएसएसचा भाग तसाच राहतो आणि उरलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी कोरी जागा भरली जाते. लांबी न बदलल्यामुळे चाळिसाव्या ओळीतील शब्द चाळिसाव्या ओळीतच राहतो. ही प्रत सीएसएस जाणणाऱ्या आज्ञावलीपुढे ठेवली जाते. तिला भोवतालच्या एचटीएमएलचा पत्ताही नसतो, तरी तिचे उत्तर मूळ फाइलीत नेमके योग्य ठिकाणी बसते.

सोय लावण्याची कृती थोडकी आहे. नव्या फाइलीला प्रथम ‘डॉट एचटीएमएल’ हे शेपूट देऊन ती जतन करावी. जतन न केलेल्या फाइलीत सूचना मिळत नाहीत ही नेहमीची तक्रार येथेच मिटते, कारण भाषा ठरेपर्यंत संपादक तिला साधा मजकूर समजतो. मान्य झालेल्या भाषेचे नाव खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे दिसते. यादी आपोआप उघडली नाही तर कंट्रोल व स्पेस या कळी एकत्र दाबाव्यात. अनोळखी शेपटाच्या साच्यांसाठी ‘फाइल्स डॉट असोसिएशन्स’ या सेटिंगमध्ये भाषा नेमून देता येते. पीएचपीची फाइल एचटीएमएल म्हणून नोंदविण्याचा सल्ला कित्येकदा दिला जातो. तो टाळलेला बरा, कारण त्यामुळे पीएचपीसाठी मिळणारे साहाय्य हातचे जाते.

याच संपादकात एमेट ही लघुलेखनाची सोय अंगभूत आहे. यादीची खूण, मोठेपणाचे चिन्ह, घटकाची खूण, गुणाकाराचे चिन्ह आणि पाचाचा आकडा एवढे लिहून टॅब दाबले की पाच घटकांची यादी तयार होते. नुसते उद्गारचिन्ह लिहून टॅब दाबले तर संपूर्ण पानाचा सांगाडा उभा राहतो.

खरी मेख या सांगाड्यात आहे. त्यातील ‘लँग’ हा गुणधर्म पानाची भाषा जाहीर करतो, आणि मुळात तेथे ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, असे भरले जाते. त्यात मराठी मजकूर लिहिला तरी डोळ्यांना काहीच फरक जाणवत नाही. परंतु अंध नागरिक जी पडदा-वाचक आज्ञावली वापरतो, ती याच नोंदीवरून उच्चाराची भाषा निवडते. परिणामी शिष्यवृत्तीची अथवा ग्रामसभेची सूचना परक्या उच्चारात ऐकू येते, तर काही आवाजांत देवनागरी शब्द गाळलेच जातात. पानाची भाषा नोंदविणे ही २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांतील अगदी प्राथमिक पातळीची अट आहे. ज्या सोयीने चूक टळावयाची, तीच सोय येथे प्रत्येक पानात एक चूक पेरीत जाते.

उपाय एका ओळीचा आहे. ‘एमेट डॉट व्हेरिएबल्स’ या सेटिंगमध्ये ‘लँग’चे मूल्य रोमन अक्षरांत ‘एमआर’ असे लिहावे. कोकणी पानांसाठी ‘केओके’ हा तीन अक्षरी संकेत आहे. मराठी पानातील इंग्रजी उताऱ्यास त्याची स्वतंत्र नोंद देता येते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांतील मजकुरास मात्र या नोंदीचा उपयोग नाही. त्या देवनागरी रूपाखाली दुसरीच अक्षरे साठविलेली असतात, म्हणून तो आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो.

सेटिंग बदलल्याने पूर्वीची पाने सुधारत नाहीत. कंट्रोल, शिफ्ट व एफ या कळींनी सर्व फाइलींत शोध घेऊन जुनी नोंद बदलावी लागते. नंतर एनव्हीडीए या विनामूल्य पडदा-वाचकात मराठी येणारा ईस्पीक एनजी हा आवाज निवडून पान एकदा ऐकावे. उच्चार मराठीचा आहे की नाही, हे पहिल्या वाक्यातच कळते.