पत्त्यांची वाटणी आणि शेजाऱ्यांमधील भिंती

इंटरनेटवरील सर्व्हरचा पत्ता म्हणजे वस्तुतः एक संख्या होय. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत ही संख्या ३२ बिटांची आहे. त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटींहून अधिक होऊ शकत नाहीत. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे पाच मोठे गट पाच प्रादेशिक संस्थांना देण्यात आले. आशिया-प्रशांत प्रदेशाच्या संस्थेला तर त्याच एप्रिलपासून शिधावाटप सुरू करावे लागले : प्रत्येक सदस्याला फार तर १,०२४ पत्ते.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला या टंचाईतच संसार करावयाचा असतो. समजा, तिच्याजवळ २५६ पत्त्यांचा एक गट आहे. त्याचे चार-चार पत्त्यांचे तुकडे पाडून प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र तुकडा दिला, तर प्रत्येक तुकड्यातील पहिला पत्ता जाळ्याच्या नावासाठी, शेवटचा सर्वांना उद्देशून द्यावयाच्या हाकेसाठी आणि एक बाहेर जाण्याच्या दारासाठी खर्ची पडतो. ग्राहकाच्या हाती उरतो एकच. म्हणजे ग्राहक केवळ ६४. गट अखंड ठेवला, तर तेच पत्ते २५३ ग्राहकांना पुरतात. शेताच्या वाटण्या जितक्या बारीक, तितकी जमीन बांधाखाली जाते, हे आपल्याकडे कोणाला सांगावयास नको.

परंतु अखंड गटात सर्वजण एकाच अंगणात येतात, आणि खरा धोका येथेच आहे. अमुक पत्ता कोणाचा, हे शोधण्याची रीत १९८२ ची आहे. संगणक मोठ्याने विचारतो, आणि जो “माझा” म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवतो. पुरावा मागण्याची सोयच त्या रीतीत नाही. एखाद्या लबाड ग्राहकाने खोटे उत्तर दिले, की शेजाऱ्याचे टपाल त्याच्या दारी येऊ लागते.

म्हणून पहारा अंगणाच्या दाराशी बसवावा लागतो. कोणत्या ग्राहकाला कोणता पत्ता दिला, याची नोंद स्विचजवळ असते. दुसऱ्याचा पत्ता लावून आलेला संदेश तेथेच टाकून दिला जातो. प्रत्येक संदेशावर ग्राहकाच्या विभागाची खूणही घालता येते. १९९८ च्या प्रमाणानुसार ही खूण १२ बिटांची आहे. तीत ४,०९६ अंक मावतात आणि त्यांपैकी दोन राखीव असतात. मोठ्या कंपन्यांना हे अपुरे पडू लागले, तेव्हा २०१४ मध्ये २४ बिटांच्या खुणेची पद्धत प्रसिद्ध झाली. तीत सुमारे १ कोटी ६७ लाख विभाग मावतात. एकाच यंत्रात अनेक ग्राहकांचे आभासी सर्व्हर नांदत असतील, तर पहारेकरी त्या यंत्राच्या मूळ व्यवस्थेत, ग्राहकाच्या हाताबाहेर असला पाहिजे. ग्राहकाच्याच सर्व्हरमध्ये बसविलेला पहारेकरी ग्राहकाचा नोकर ठरतो!

अब्रूचे रक्षण मात्र या भिंतींना साधत नाही. एका भाडेकरूने नको असलेल्या पत्रांचा मारा केला, की काही टपालसेवा सबंध गटच वर्ज्य करतात. पत्ता पुढे दुसऱ्याला दिला, तरी डाग बराच काळ राहतो.

सहाव्या आवृत्तीचे पत्ते १२८ बिटांचे आहेत. तेथे काटकसरीचे कारण उरत नाही. प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र आणि विस्तीर्ण गट देता येतो. तरीही एका अंगणात राहणाऱ्या संगणकांची परस्परांना ओळखण्याची रीत तेथेही मूलतः विश्वासावरच चालते, आणि स्विचजवळचा पहारा तेथेही ठेवावा लागतो.