जास्त वॅटचा बल्ब लावण्याआधी

मटारच्या हंगामात पाटनहून जबलपूरच्या मंडीकडे रात्रभर गाड्या चालतात. तीसेक किलोमीटरचा रस्ता, कडाक्याची थंडी, हिरन नदीच्या पट्ट्यात पहाटे उतरणारं धुकं आणि मध्येच मागे एकही दिवा नसलेली ट्रॉली. अशा रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला जास्त उजेड हवासा वाटणारच. पण तो कुठून आणायचा याबद्दल आमच्याकडे फार घातक सल्ले दिले जातात. त्यातला एक माझ्या भाच्याच्या जिवावर बेतला होता.

त्याच्या जुन्या पिकअपमध्ये मूळचे 60/55 वॅटचे हॅलोजन बल्ब होते. त्याने ते काढून 130/100 वॅटचे बसवून घेतले. ‘‘मामा, आता बघा, दिवसासारखं दिसतंय,’’ म्हणाला. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत मी सगळी नोकरी गाड्यांच्या वायरिंगवर काढलेली. मी एवढंच विचारलं, ‘‘रिले टाकलास का रे? वायर बदलली?’’ काहीच बदललं नव्हतं. फक्त बल्ब. काढून टाक म्हटलं, तर म्हणाला, हंगाम संपू दे.

हंगाम संपायच्या आत एका रात्री मटारची पोती भरलेली असताना दोन्ही दिवे एकदम गेले. वळण नव्हतं, समोर कोणी नव्हतं, म्हणून गाडी कडेला थांबली. एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी उजेडात आम्ही ते खोललं. बल्बच्या मागचा तीन पत्त्यांचा होल्डर तपकिरी पडून भाजलेल्या पापडासारखा झाला होता, बोट लावताच त्याचा कोपरा तुटून हातात आला. वायरीवरचं प्लास्टिक कडक होऊन तडकलं होतं. स्टिअरिंगजवळच्या अप्पर-डिपरच्या स्विचमधला एक संपर्क वितळून बसला होता. आणि रिफ्लेक्टर! बल्बच्या वरच्या बाजूला आतला चकचकीत मुलामा दुधाळ होऊन त्याला बारीक फोड आले होते. म्हणजे आता मूळचा बल्ब लावला तरी पूर्वीइतका उजेड पडणार नव्हता.

हे का होतं, ते समजून घ्या. 12 व्होल्टवर 60 वॅटचा बल्ब 5 अँपिअर प्रवाह ओढतो, 130 वॅटचा जवळजवळ 11. वायरीतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच बारीक वायरीत ती साडेचार पटींहून जास्त होते. जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह स्विचमधूनच जातो. तो स्विच एवढ्या भारासाठी केलेलाच नसतो.

खरी खेदाची गोष्ट पुढेच आहे. मी भाच्याच्या गाडीचं इंजिन चालू ठेवून मीटर लावला, तेव्हा बॅटरीवर 14 व्होल्ट होते आणि मूळचा बल्ब लावून होल्डरशी मोजले तर 12.2. बाकीचे व्होल्ट गंजलेल्या अर्थिंगमध्ये आणि जुन्या जोडांत मरत होते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या तिसऱ्या घातापेक्षाही वेगाने घटतो. 10 टक्के व्होल्ट कमी झाले की सुमारे 30 टक्के उजेड जातो. इथे तर एक तृतीयांशाहून जास्त उजेड बल्बपर्यंत पोचतच नव्हता. त्याला नवा बल्ब नको होता, त्याचा स्वतःचा उजेड त्याला परत हवा होता.

आम्ही तेच केलं. बॅटरीपासून थेट जाड वायर, मध्ये फ्यूज, स्विचवरचा भार काढून घ्यायला अप्परला एक आणि डिपरला एक असे दोन रिले, बॉडीवरचा रंग खरवडून पक्की अर्थिंग, नवा होल्डर, नवा रिफ्लेक्टर, आणि बल्ब पुन्हा 60/55 चेच, चांगल्या कंपनीचे. ज्यांच्या दिव्याची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल त्यांनी आधी ती घासून पॉलिश करून घ्यावी. कित्येकांचं काम तेवढ्यावरच भागतं.

एलईडी किटबद्दल मला रोज विचारतात. भाच्याच्या गाडीतल्यासारख्या एच4 बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणूनच समोर उजेडाला स्वच्छ वरची कड येते आणि समोरच्याचे डोळे वाचतात. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, म्हणून ती कड डावीकडे जरा वर चढते आणि रस्त्याची कडा दिसते. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. किटमधली चिप एक-दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे असली, तरी उजेड सगळीकडे फाकतो. चालवणाऱ्याला पुढची जमीन पांढरी झालेली दिसते आणि त्याला वाटतं, काय उजेड पडतोय. लांबचं मात्र कमीच दिसतं, कारण जवळच्या झगमगाटाने त्याच्याच डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात. आणि धुक्यात तो वर फाकलेला उजेड भिंत होऊन अंगावर येतो.

माल भरला की गाडीचं मागचं बूड बसतं आणि नाक वर होतं. रिकाम्या गाडीवर बरोबर असलेला दिवा भरल्या गाडीत समोरच्याच्या थेट डोळ्यांत जातो. म्हणून दिवे सेट करायचे ते नेहमीएवढा माल भरून. सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करा. डिपरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटिमीटर खाली यायला हवी. दिव्यामागे स्क्रू असतो, काही गाड्यांत डॅशबोर्डवर चकतीही असते, पण ती फिरवणारा मला क्वचितच भेटतो.

समोरून येणारा बहुतेक वेळा मोटरसायकलवर असतो, मागे बायको-मूल बसलेलं. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात दोन सेकंद डोळे दिपले, तर गाडी 33 मीटर आंधळी जाते. वय झालेल्याचे डोळे ताळ्यावर यायला आणखी वेळ लागतो, हे मी आता स्वतः अनुभवतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये 106 वा नियम यासाठीच आहे: 8 मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवरच्या डोळ्यांना दिपवेल असा झोत चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलात फेरफार करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दंडाच्या भीतीने का होईना, कोणी ते बल्ब काढले तरी मला आनंद आहे.

समोरचा अप्पर सोडत नसेल तर आपणही अप्पर मारून सूड घेऊ नका. वेग कमी करा, नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा आणि पुढच्या काचेची आतली बाजू पुसलेली असू द्या. तिच्यावरची धूळ अर्धं दिपवणं करते.

बल्बाची चौकशी करायला पाटनचे शेतकरी माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना आधी त्यांच्या ट्रॉलीबद्दल विचारतो. रेडियमची पट्टी आहे का? मागे लाल, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी? बहुतेकांकडे नसते, असली तरी शेणाचिखलाने झाकलेली असते. ती पट्टी 55 वॅटच्या साध्या डिपरमध्येही लांबून चमकते. मी एक रीळ घरात आणून ठेवलं आहे, ज्याला हवी त्याने ट्रॉली घेऊन यावं, मी लावून देईन.