परराज्यातलं चलन आणि आपली गाडी

दसरा झाला की पाथर्डी तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही आपल्याच राज्यातल्या कारखान्यांवर जातात, काही थेट कर्नाटकात. महामार्ग क्रमांक ६१ तर पाथर्डीवरूनच जातो आणि नांदेडमार्गे तेलंगणातल्या निर्मलला पोचतो. त्यामुळे एमएच-१६ पाटीच्या गाड्या वर्षभर दुसऱ्या राज्यांत फिरत असतात. माझी पिकअपही त्यांतलीच. हंगामाच्या सुरुवातीला मजुरांचं धान्य, भांडीकुंडी, कोप्यांचं सामान पोचवायचं आणि एरवी भाजीपाला-कांदा वाहायचा, हा माझा धंदा.

परराज्यात दंड झाला की आपली माणसं एक तर समोरच्याच्या हातात नोटा ठेवून सुटतात, नाही तर ‘तिकडचं इकडं कोण विचारतंय’ म्हणून विसरून जातात. एके काळी खरंच कोणी विचारत नव्हतं. आता देशातल्या बहुतेक गाड्यांची नोंद ‘वाहन’ प्रणालीत आणि लायसनची ‘सारथी’मध्ये असते. तिकडं पडलेलं चलन नंतर कधी तरी नगरच्या आरटीओत समोर येतं, आणि नेमकं गाडी पासिंगला किंवा नावावर करायला नेली की येतं. तोवर प्रकरण कोर्टात गेलेलं असतं.

माझा भाचा गाडी चालवतो. कर्नाटकातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर त्याला अडवलं. गाडी चालवताना त्याच्या हातात मोबाईल होता. त्याचा फोन आला, “मामा, लायसन काढून घेतलं. उद्या कोर्टात या म्हणत्यात.” मी त्याला एकच सांगितलं, “वाद घालू नको, पण पावती हातात पडल्याशिवाय गाडी हलवू नको.” त्याने तिथंच थांबून पावती मागितली. थोडी बोलाचाली झाली, पण पावती मिळाली.

ही पावती म्हणजे काय, हे प्रत्येक ड्रायव्हरने समजून घेतलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ प्रमाणे पोलिसांना काही प्रसंगी लायसन ताब्यात घेता येतं. आरोपी पळून जाईल किंवा समन्स चुकवेल असं वाटलं तर ते घेऊ शकतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वेगमर्यादा मोडणं, धोकादायक चालवणं, दारू पिऊन चालवणं, हेल्मेट नसणं अशा गुन्ह्यांतही घेऊ शकतात. पण लायसन घेतलं की त्याबद्दल तात्पुरती पोच द्यावीच लागते, आणि पळून जाण्याच्या किंवा समन्स चुकवण्याच्या शंकेने लायसन घेतलं असेल तर त्या पोचेवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत गाडी चालवण्याचा अधिकार शाबूत राहतो. आपली चूक नसताना लायसन वेळेत परत मिळालं नाही, तर अर्ज करून ही मुदत वाढवूनही मिळते. दुरुस्तीतल्या गुन्ह्यांत घेतलेल्या लायसनच्या पोचेवर मात्र ते परत मिळेपर्यंत गाडी चालवता येत नाही. पोच नसेल तर पुढच्या नाक्यावर तोच माणूस विनालायसन ठरतो, आणि त्याचा दंड ५,००० रुपयांपर्यंत जातो.

पावती कन्नडमध्ये होती. भाच्याने फोटो पाठवला. तिकडच्या कारखान्याच्या शेतकी विभागात एक चिटबॉय ओळखीचा होता, त्याने फोनवर वाचून दाखवली. कोर्ट कोणतं, कलम कोणतं, तारीख कोणती, एवढं कळलं तरी निम्मा घोर कमी होतो. कोर्टाच्या आवारात एक जण ‘साहेबांशी बोलतो, एवढे द्या, लायसन संध्याकाळी हातात’ म्हणाला. आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही. त्याच गावातला वकील गाठला, फी आधी विचारून घेतली, वकीलपत्रावर भाच्याने सही केली. भाच्याने गुन्हा कबूल केला, दंड कोर्टात भरला, त्याची पावती घेतली आणि लायसन परत आलं.

इथे पाथर्डीतल्या वकिलाबद्दल एक सांगायला हवं. खटला चालतो तो गुन्हा जिथे घडला तिथल्या कोर्टात. आपल्या कोर्टात तो ओढून आणता येत नाही. म्हणून वकील तिकडचाच लागतो. कागद आपल्या भाषेत समजावून घ्यायला, कबूल करावं की लढावं याचा सल्ला घ्यायला मात्र आपला गावचा वकील फार उपयोगी पडतो. शिवाय प्रत्येक तारखेला ड्रायव्हरने स्वतः जायलाच हवं असंही नाही. कलम २०८ प्रमाणे समन्सवर तशी मुभा लिहिलेली असेल तर वकिलामार्फत हजर राहता येतं, किंवा नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून ठरलेली रक्कम पाठवता येते. समन्स आलं की ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्या. ही मुभा तिथंच लिहिलेली असते आणि ती न वाचल्यामुळे लोक उगाच दोन दिवसांची मजुरी बुडवून एसटीने जातात.

दुसरा अनुभव वेगळा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या एका राज्यातून चलनाचा मेसेज आला, विनाहेल्मेट, दंड १,००० रुपये. गाडीचा नंबर माझ्या पिकअपचा. चलन उघडून फोटो पाहिला तर त्यात दुचाकी. कॅमेऱ्याने किंवा माणसाने एखादा आकडा चुकीचा वाचला असणार. चौकातल्या सगळ्यांचा सल्ला एकच, हजार रुपये भर आणि मोकळा हो, कोण भांडत बसणार?

मी भरले नाहीत. दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. तडजोडीची रक्कम भरली की ते प्रकरण मिटतं हे खरं, पण आपल्या नावावर तो गुन्हा लागतो. काही कलमांत दुसऱ्या वेळचा दंड पहिल्यापेक्षा मोठा असतो. साध्या नियमभंगाला पहिल्यांदा ५०० आणि पुढच्या वेळी १,५००. हेल्मेटच्या कलमात तर दंडासोबत ३ महिने लायसन अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याने न केलेला गुन्हा हजार रुपयांसाठी कबूल करू नये, असं माझं ठाम मत आहे.

चलनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय असते. तिथे गाडीचा पुढून-मागून फोटो, आरसी, त्या दिवशीचा फास्टॅगचा उतारा आणि बाजार समितीतली मालाची पावती जोडली. गाडी त्या दिवशी आपल्याच जिल्ह्यात होती हे त्यातून स्पष्ट होत होतं. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवला, उत्तर आलं नाही तेव्हा त्याच क्रमांकाचा हवाला देऊन पुन्हा लिहिलं. काही आठवड्यांनी चलन रद्द झालं. केंद्राचं ई-चलन संकेतस्थळ एक आहे, पण महाराष्ट्रासह काही राज्यांची स्वतःची वेगळी आहेत, म्हणून चलन कोणत्या राज्याचं आहे ते आधी बघावं. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या केंद्रीय नियमाने कॅमेऱ्याच्या चलनात फोटोचा पुरावा, जागा, तारीख आणि वेळ असणं बंधनकारक केलं आहे. फोटो न बघता पैसे भरू नका.

वेळेत काहीच केलं नाही तर चलन बऱ्याचदा आभासी न्यायालयात जातं. असं पहिलं न्यायालय २०१९ मध्ये दिल्लीत सुरू झालं. महाराष्ट्रातलं २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला. त्यांच्या संकेतस्थळावर गाडीचा किंवा चलनाचा नंबर टाकला की प्रकरण दिसतं. दंड मान्य असेल तर घरबसल्या भरता येतो. मान्य नसेल तर ‘लढायचं आहे’ हा पर्याय निवडायचा, मग प्रकरण तिथल्या नेहमीच्या कोर्टाकडे जातं. हा पर्याय निवडण्याआधी पुरावा हाताशी हवा, कारण पुढची धावपळ त्याच गावात होणार.

सगळीच चलनं तडजोडीने मिटत नाहीत. दारू पिऊन गाडी चालवली तर पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि हे प्रकरण कोर्टातच जातं. जादा माल भरल्याचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. आणि मालाच्या गाडीत मजूर, बायका-पोरं बसवून नेली तर दंड ही सगळ्यात छोटी गोष्ट. अपघात झाला तर मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अखेरीस दिलेल्या निकालाने स्पष्ट केलं आहे. ती भरपाई मालकाच्या जमिनीवर येते. टोळ्या नेणाऱ्या मुकादमांना मी हे पुन्हा पुन्हा सांगतो. ऐकणारे थोडेच आहेत.

वकिलाची फी परवडत नाही असं वाटत असेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, कोठडीतली माणसं आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेत बसणारे यांना मोफत वकील मिळतो. पाथर्डीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करता येते. १५१०० हा देशभर चालणारा मदत क्रमांक आहे, आणि परराज्यातल्या खटल्यासाठी तिथल्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. लोकअदालतीत प्रलंबित चलनं मिटतात, कधी सवलतही मिळते. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत वाहतूक दंडावर निम्मी सूट दिली होती. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे ध्यानात ठेवून जा.

हल्ली खोट्या चलनाचे मेसेज फार येतात. त्यात एखादी फाईल उघडायला सांगतात, ती उघडली की फोनमधलं बँकखातं रिकामं होतं. मेसेजमधल्या दुव्यावर बोट ठेवू नका. सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून गाडीचा नंबर टाका.

ऊसतोडीला गाड्या निघण्याआधी मालकांना आणि मुकादमांना माझी विनंती आहे. आरसीला आणि लायसनला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते तपासा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत समन्स मोबाईल-ईमेलवरही बजावण्याची तरतूद आहे, बंद पडलेल्या नंबरवर ते तुम्हाला कळणार नाही. ड्रायव्हरच्या फोनवर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन चालू करून द्या. त्यातले कागद कायद्याने ग्राह्य आहेत, व्हॉट्सअॅपवरचा फोटो नाही. विकलेली गाडी अजून तुमच्या नावावर असेल तर या हंगामाआधी ती नावावरून काढा, नाही तर तिची चलनं तुमच्याच दारात येतील. आणि पोरांना निघतानाच सांगून ठेवा, पावती घेतल्याशिवाय कोणालाही पैसे किंवा लायसन देऊ नका.